बारकीआजीची सलामी

वकिलांनी मोबाईल टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि क्लिप लावली.

"शेठची कृपा गो बाय. शेठनं बसवलं म्हणून हितं हाय. नायतर आमाला कोन इचारतो?"

आवाज बारकीआजीचा. मधेमधे "हं, हं" करणारा आवाज माझा. सुनावणीच्या खोलीत मी मागच्या बाकावर होते. टेबलामागे सुनावणी घेणारे साहेब. पुढे आजी आणि तिची मुलगी सोनी. पलीकडे वकील, आणि त्यांच्यामागे धाकटे शेठ. क्लिपमधले शेठ म्हणजे यांचे वडील, ते कधीच वारले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

भानगड अशी होती. रोह्याच्या पुढे कातकऱ्यांची एक वाडी आहे. नाव सांगत नाही, त्यांना आहे तेवढा त्रास पुरे. घरं आजीच्या सासऱ्याच्या वेळची, पण घरांखालची जमीन सातबाऱ्यावर शेठची. धाकट्या शेठना तिथे फार्महाऊसचे प्लॉट पाडायचे होते. तारेचं कंपाउंड निम्मं घालूनही झालं होतं. वाडीने अर्ज केला, की आम्ही वेठबिगारीपासून इथे राबलो, इथेच राहिलो, घरांखालची जागा तरी आमच्या नावावर करा. शेठच्या बाजूचं म्हणणं, कसली वेठबिगारी? दयेपोटी राहू दिलं होतं. आणि त्याला पुरावा काय, तर आमच्याच संस्थेच्या वेबसाईटवरची क्लिप!

मी पेणच्या एका संस्थेत मौखिक इतिहासाचं काम करते. म्हणजे ज्यांचं कुणी लिहून ठेवलेलं नाही, त्यांना बोलतं करायचं आणि रेकॉर्ड करायचं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात निम्मं काम गप्प बसण्याचं. मी गडब गावची, शेतकऱ्याच्या घरातली, तोंडाने फटकळ. हे गप्प बसणं शिकताना माझा जीव गेला.

वेठबिगारीत आयुष्य गेलेल्या माणसांचं एक असतं. मालकाचा विषय निघाला की आधी मालकाचं कौतुक. मालक मेलेला असो, आसपास चिटपाखरू नसो, कौतुक आधी. फील्डवरची आम्ही माणसं याला 'सलामी' म्हणतो. सलामी मधे तोडायची नाही, तिच्यावर उलटा प्रश्न करायचा नाही. ती आपोआप संपते. मग चुलीवर चहा चढतो, पोरं कोंबड्या हाकलतात, माणूस मशीनला विसरतं आणि खरं बोलायला लागतं.

आजीही बोलली. तिच्या लग्नाचं लुगडं आणि जेवणाचा भात शेठनं दिला. त्याच्या बदल्यात नवरा शेठचा गडी झाला, मागोमाग ती. हे फिटणार कधी, ते कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. एकदा नवरा पळाला, नागोठण्याच्या बाजूला कोळसाभट्टीवर. शेठनं त्याच्या मागावर माणूस धाडला नाही. लहानग्या सोनीला उचलून गोठ्यात नेऊन ठेवलं. बाप आपल्या पायानं परत आला.

"पोर मिलाली," आजी म्हणाली, "पन मंग लय दिस ती गुरांसारी तोंड लावून पानी प्यायची."

चहा गाळून झाल्यावर ती म्हणाली, "ह्ये शेठच्या घरी जाऊ देऊ नको गो." म्हणून तो सगळा भाग मी 'बंद' केला. बंद म्हणजे बोलणाऱ्याच्या परवानगीशिवाय कुणालाही ऐकवायचा नाही. आमच्या कामात याच्यापुढे दुसरा नियम नाही.

मग उघडं काय उरलं? सलामी. वेबसाईट सुरू करताना आमच्या सरांनी, म्हणजे डायरेक्टरांनी, नेमकी तीच उचलली. मी केबिनमध्ये जाऊन भांडले. "सर, ही मुलाखत नाही, ही सलामी आहे," म्हटलं. सर पुण्याचे, माणूस सज्जन. म्हणाले, "अहो, साऊंड किती क्लीन आहे! आणि किती पॉझिटिव्ह वाटतं." साऊंड क्लीनच असणार. तोवर चहा नव्हता, कोंबड्या नव्हत्या, आणि आजी मशीनकडे बघून जपून बोलत होती. सरांनी खाली 'ऋणानुबंध' असं नाव टाकलं आणि क्लिप लावून दिली.

तर आता तो ऋणानुबंध टेबलावर वाजत होता. मी उभी राहिले आणि साहेबांना म्हटलं, रेकॉर्डिंग माझं आहे, याच्या पुढे बरंच आहे. साहेब म्हणाले, "मग ऐकवा ना."

पिशवीतल्या मशीनमध्ये सगळं रेकॉर्डिंग होतं. मी आजीशेजारी जाऊन वाकले. "आजी, पुढचं लावू? तू हो म्हणालीस तरच."

आजीने धाकट्या शेठकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघतही नव्हते, मोबाईलवर बोट फिरवत होते. "नको," ती म्हणाली.

बटण दाबायला कितीसा वेळ लागतो? खरं सांगते, हात पिशवीत गेला होता. वाडीतली सगळी घरं एका बाजूला आणि या म्हातारीचं 'नको' दुसऱ्या बाजूला. मी हात बाहेर काढला.

तेवढ्यात सोनी उठली. आयुष्यात कधी साहेबासमोर न बोललेली बाई. "मी सांगते," म्हणाली. "माजा बाप पलाला तवा मला यांच्या गोठ्यात ठेवली. दावनीला. ती मीच."

धाकट्या शेठचं बोट थांबलं. साहेबांनी आजीला विचारलं, "हे खरं आहे का?"

आजी उभी राहिली. चपला पायातून काढून बाजूला सारल्या. हात जोडले, तेही साहेबांना नाही, शेठना. म्हणाली, "पोर बारकी व्हती. तिला काय आठवनार? शेठ देवमानूस."

सोनी खाली बसली. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

अर्ज फेटाळला गेला. साहेबांना तरी काय म्हणू? त्यांच्यासमोर आलं तेच त्यांनी धरलं. कंपाउंड पुरं झालं. वरच्या अपिलाचं बघू म्हणतात, पण वाडीत आता सही करायला कुणी पुढे येत नाही. क्लिपखाली लोक अजून हात जोडलेली चित्रं टाकतात. काढून टाका म्हणून मी सरांना पुन्हा सांगितलं. ते मीटिंगमध्ये घेऊ म्हणाले.

त्या दिवशी एसटी स्टँडवर मी आजीवर चिडले. चिडायला नको होतं, पण राहवलं नाही. पोटच्या पोरीला खोटं पाडलंस, म्हटलं.

आजी म्हणाली, "तू पेनला जाशील गो बाय. आमाला घरी जायला वाट त्येच्या शेतातूनच हाय."

तेव्हापासून मी मशीन काढायच्या आधी माणसाला त्याच्या घरची वाट विचारते. बाकीचं सगळं नंतर. त्या दिवशी मग गाडी आली, दोघी चढल्या. सोनी पुढच्या सीटवर बसली, आजी मागे. सोनीच्या शेजारची जागा रिकामी होती.