बुधवारची किल्ली

हे लिहावे की नाही, अजून ठरत नाही. वंदनेला बसले की माझे ओठ हलत, पण मन एका जागी टिकत नसे. बुद्ध शांत बसायला सांगतात आणि मला नेमके तेच जमत नव्हते. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. दुसऱ्या वर्षी काय झाले कळत नाही. वर्गात शिरताना छाती धडधडे, एकच ओळ चार वेळा वाचूनही डोक्यात जात नसे. परीक्षेचा अर्ज भरूच नये, असे मी जवळजवळ ठरवले होते.

कॉलेजच्या फलकावर मोफत समुपदेशनाच्या ॲपची माहिती होती. फोनवरच बोलायचे. पण माझा फोन पडल्यापासून फक्त स्पीकरवर ऐकू येते, इअरफोनही चालत नाही. आणि आमचे घर एका खोलीचे. पहिल्या वेळी समुपदेशक मॅडमनी विचारले, "बोल, काय त्रास होतोय?" आणि भाकरी थापणारे आईचे हात थांबले. मी घाईने म्हणाले, "काही नाही, मी बरी आहे," आणि फोन बंद केला.

पुढची वेळ तीन आठवड्यांनी मिळाली, बुधवारी दुपारी तीनची. त्याच शुक्रवारी अर्जाची मुदत संपत होती. त्या दिवशी मी जागा शोधत नुसती फिरत राहिले. रंकाळा तलावावर माणसे, बागेत माणसे. तीनला पाच मिनिटे उरली असताना एका अनोळखी गल्लीत बुद्धविहार दिसला. झाडलोट करून एक म्हातारी मावशी दाराला कुलूप लावत होती.

"मावशी, थोडा वेळ आत बसू? फोनवर बोलायचंय."

"कुणासंगं? पोरगा हाय व्हय?"

मला रडूच आले. "डॉक्टर हायत. मनाच्या."

तिने मला एकदा नीट पाहिले आणि कुलूप काढले. "जा आत. मी हितं पायरीवर हाय."

मॅडमचा आवाज रिकाम्या विहारात घुमत होता. आधी मला मूर्तीकडे बघायचीही लाज वाटली. मग झोप, धडधड, अर्ज, सगळे बोलत गेले. मध्येच बाहेरून मावशीचा आवाज आला, "आत न्हाई जायाचं, पोरीची परीक्षा चाललीया!"

"विहारात कसली परीक्षा, आक्का?" कुणा माणसाने विचारले.

"तू कवा पास झालास का? मग कशाला इचारतोस!"

मी रडता रडता हसले. शेवटी मॅडम म्हणाल्या, "आता पुढच्या बुधवारी, साडेचारला बोलू."

बाहेर आले तेव्हा मावशी म्हणाली, "मला काय बी ऐकू आलं न्हाई बघ." मग कुलूप लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बुधवारी साडेचारला किल्ली घिऊन हितंच हाय मी. आन् शुक्रवारच्या आत त्यो अर्ज भर की आधी."

तिने सगळे ऐकले होते, तरी मला लाज वाटली नाही, याचेच नवल वाटते. अर्ज मी भरला. धडधड पूर्ण गेलेली नाही. आजही लिहिताना दोनदा उठले. पण मावशी त्याच वेळी तिथे का होती, हे मी आता विचारत नाही, मनोमन हात जोडते. लहानपणापासून मी वंदनेत तीन वेळा 'बुद्धं शरणं गच्छामि' म्हणत आले. शरण जाताना आपण बरे असल्याचे सोंगही खाली ठेवायचे असते, हे मला त्या बंद दाराआड उमगले.