रोबोनं उचललेली सवय

आकुर्डीहून चाकणकडे जाणाऱ्या सकाळच्या बसला एक वेल्डर काका रोज भेटायचे. नाव मी कधी विचारलं नाही. मोबाइलवरच्या टेक्नॉलॉजीच्या बातम्या ते अख्ख्या बसला मोठ्यानं ऐकवायचे, वर स्वतःचं मत द्यायचे. "नवा फोन कसला राव, जुन्यालाच रंग दिलाय." बोलणं संपलं की उजवं मनगट झटकायचे. वेल्डिंग करून लागलेली सवय.

एका सकाळी बातमी त्यांचीच होती. त्यांच्या कंपनीतल्या लाइनवर रोबो आला होता आणि त्याचा हात धरून त्याला वेल्डिंग त्यांनीच शिकवलं होतं. कंपनीच्या गेटवर फोनच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात, त्यामुळे दाखवायला व्हिडिओ नव्हता. मग चालत्या बसमध्ये उभे राहून ते स्वतःच रोबो झाले. हात सावकाश पुढे नेला, वेल्डिंगचा एक टाका मारला, मागे घेतला आणि मनगट झटकलं.

"हे पण उचललंय भावा त्यानं!"

बस हसली. ते सगळ्यांत जास्त हसले.

"साहेब म्हणाले, या झटक्यात फुकट वेळ जातो. उद्या तो झटका काढून टाकणारेत."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, आज शेवटचं बघून घेतो की," म्हणाले आणि त्यांचा कुरुळीचा स्टॉप यायच्या कितीतरी आधी दारात जाऊन उभे राहिले.