टोळीने वाटून घेतलेल्या गोळ्या

औषधांच्या दुकानात नोकरीला लागले तेव्हा माझी समजूत होती, की पेशंटला काय सांगायचं ते मला तोंडपाठ आहे. पेठेत वाढलेली, परीक्षेत कायम पहिल्या पाचांत; जिभेला धार होतीच. डॉक्सीसायक्लिन दिलं की म्हणायचे, "दुधाबरोबर नाही, पेलाभर पाण्याबरोबर. आणि गोळी गिळून लगेच आडवं व्हायचं नाही." मेट्रोनिडाझोल दिलं की, "दारूचा थेंब चालणार नाही. संपल्यावरही दोन-तीन दिवस नाही." कुणी "का?" विचारलंच, तर "उलट्यांची हौस असेल तर घ्या," हे वर. समोरचा मान डोलवायचा, आणि मान डोलवली म्हणजे समजलं असं मी धरून चालायचे.

दुकान मार्केट यार्डात, भुसार बाजाराच्या तोंडाशी होतं. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. एका सकाळी चाळिशीचा एक हमाल लंगडत आला. पोती ओढायचा लोखंडी हूक पावलात घुसला होता. पाऊल लाल, टम्म सुजलेलं, अंगात ताप. डॉक्टरांनी पेनिसिलीनच्या कुळातल्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, सकाळ-संध्याकाळ एकेक, सात दिवसांच्या चौदा. दुकानात गर्दी होती. "जेवणानंतर, दोन वेळा, कोर्स पूर्ण करा," एवढं म्हणून मी पुढच्या माणसाकडे वळले. कोर्स म्हणजे काय ते सांगितलं नाही. पूर्वी असल्या औषधाने कधी त्रास झाला होता का, हेही विचारलं नाही.

आठवड्याने तो परत आला तो साथीदाराच्या खांद्यावर भार टाकून. सूज घोट्याच्या वर चढली होती. डॉक्टरांनी पुन्हा तेच औषध सात दिवसांचं दिलं होतं आणि बजावलं होतं, की दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर दवाखान्यात भरती व्हायचं. बोटं वाचतील याची खात्री नाही. लोक म्हणतात हातावर पोट. याचं पायावर होतं.

"मागच्या चौदा घेतल्यात?" मी विचारलं.

"सात घेतल्या की."

"आणि बाकीच्या?"

"वाटल्या," तो शांतपणे म्हणाला.

तीन दिवसांत सहा गोळ्या झाल्या, ताप गेला, सूज उतरली. आठ उरल्या. त्याच्या टोळीत माणसंही आठ. भाकरी असो, चहा असो, कुणाच्या घरून आलेला लाडू असो, टोळीत कुणी एकट्याने खायचं नाही, असा त्यांचा नेम. कुणाची दाढ ठणकत होती, कुणाला खोकला होता. प्रत्येकाला एक गोळी मिळाली. "माझ्या वाट्याची म्या बी एकच घेतली, ताई. लबाडी न्हाय केली."

माझं डोकं फिरलं. मालकांना सांगून मी तडक त्याच्याबरोबर निघाले. गाळ्याच्या ओट्यावर टोळी जेवायला बसली होती. "अहो, हे काय संक्रांतीचं वाण आहे का, लुटायला?" मी ओरडले. कुणी हसलं नाही. पांढऱ्या मिशांचा मुकादम एवढंच म्हणाला, "बसा ताई. आधी घासभर खा."

मी खाल्लं नाही, पण बसले. ताप उतरला म्हणजे सगळे जंतू मेले असं नसतं, राहिलेले पुन्हा जोर धरतात, हे सांगितलं. दाढेला नि खोकल्याला अशा एका गोळीने काही होत नाही, हे सांगितलं. आणि ज्याला हे औषध सोसत नाही, त्याच्या जिवावर एकच गोळी बेतू शकते, असं म्हणाले तेव्हा कडेला बसलेला एक जण जेवायचा थांबला. त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. आत गोळी होती.

"मला काय दुखत नव्हतं, म्हून ठिवली हुती," तो म्हणाला. "लहानपणी पेनसिलीनची सुई दिली तवा तोंड सुजलं हुतं. दम कोंडला हुता."

ती पुडी मी त्याच्याकडून काढून घेतली. या माणसाला उद्या साधं डोकं दुखलं असतं तर? टोळीने आपला नेम चोख पाळला होता. माझं काम मात्र मी केलं नव्हतं, आणि वर ओरडायलाही मीच आले होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि मी तसं बोलून दाखवलं.

"चूक आमची बी हाय," मुकादम म्हणाला. "पर आमच्यात एकट्यानं खायची सवय न्हाय. ह्यो बी खायचा न्हाय."

मी जरा विचार केला. "गोळ्या याच्या एकट्याच्या. दिवस तुम्ही वाटून घ्या."

सात दिवस, आणि त्याला सोडून माणसं सात. ज्याचा दिवस, त्याने याला जेवू घालायचं, दोन्ही गोळ्या समोर गिळायला लावायच्या आणि सूज किती आहे ते दुकानात येऊन मला सांगायचं. मुकादमाने पहिला दिवस स्वतःकडे घेतला.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, "हाय तशीच हाय." मला डबा गेला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या दिवसाचा माणूस धावतच आला. "ताई, घोटा दिसाया लागला!" गिऱ्हाइकं बघत असताना मी टाळ्या वाजवल्या.

सहाव्या दिवशी पेशंटच म्हणू लागला, की आता बरा आहे, कशाला उगीच. तो दिवस पुडीवाल्याचा होता. तो त्याच्यासमोर मांडी घालून बसला. "माझी पाळी हाय. गीळ, मगच उठतो."

सातव्या दिवशी संध्याकाळी मीच ओट्यावर गेले. चौदावी गोळी त्याने आठ जणांच्या देखत घेतली, मला धरून आठ. मग दोन्ही पायांत वहाणा घालून तो ओटा उतरला आणि पुन्हा चढला. मुकादमाने गोळ्यांची पट्टी हातात घेऊन एकेक खाच अंगठ्याने चाचपली.

"एक बी न्हाय उरली," तो म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडून माझ्यापुढे धरला. मी तो खाल्ला, आणि खाता खाता मला रडू आलं.