जलदात्याचे शुभेच्छुक

उत्तम घागच्या शोकसभेत ‘चार शब्द बोला’ म्हणून सहदेव सामंतांना उभं केलं, तेव्हा आपल्याकडे चार शब्दसुद्धा नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. अकरा वर्षं ते रोज सकाळी दहाला उत्तमच्या दुकानात जाऊन बसत होते. पण त्याचं गाव लांज्याकडे की राजापूरकडे, हे त्यांना सांगता आलं नसतं. त्याला भाऊ होता की नव्हता, कोण जाणे. चहा तो बिनसाखरेचा घ्यायचा, तो शुगर होती म्हणून की आवडीनं, हेही कधी विचारायचं झालं नव्हतं. ‘फार चांगला माणूस होता,’ एवढं पुटपुटून सामंत खाली बसले. उत्तमनं हे वाक्य ऐकलं असतं तर तिथल्या तिथे खोडलं असतं. “काका, हे कुणालाही चिकटतं,” म्हणाला असता.

आणि कुणाला काय चिकटतं, हे त्याच्याइतकं कळव्यात कुणाला कळत नव्हतं. स्टेशनच्या जवळच्या गल्लीत त्याचं ‘मंजुळा आर्ट्स’ नावाचं फ्लेक्सचं दुकान होतं. मंजुळा म्हणजे बायको. वाढदिवस, नियुक्ती, दहावीत साठ टक्के, काहीही असो, कळव्यापासून दिव्यापर्यंत नाक्यानाक्यावर जी माणसं हात जोडून हसत लटकलेली असायची, त्यातली निम्मी उत्तमच्या मशिनीतून बाहेर पडलेली. वागळे इस्टेटमधल्या पंपाच्या कंपनीत स्टोअर सांभाळून सामंत निवृत्त झाले होते. मराठी चांगलं, घरात करमत नाही, म्हणून छापायच्या आधी ते मजकुरावर नजर टाकायचे. बदल्यात पंखा, पेपर आणि चहा.

उत्तमची कामाची एक रीत होती. शेठ ऑर्डर देऊन बाहेर पडला, की बरोबर आलेल्या माणसाला तो चहाला थांबवायचा आणि सहज विचारायचा, “काय रे, लोक शेठच्या मागे काय बोलतात?” तो माणूस आधी इकडेतिकडे बघायचा आणि मग अर्धा तास थांबायचा नाही. उत्तम सगळं ऐकायचा आणि नेमकं उलटं लिहायचा. चिकट म्हणतात? ‘दानशूर’. बायकोला घाबरतो? ‘झुंजार’. नववीच्या पुढे गाडी गेली नाही? ‘शिक्षणप्रेमी’. गिऱ्हाईक मजकूर वाचून हळवं व्हायचं. “तुला बरोबर कळतो रे मी,” म्हणायचं. हे खरंही होतं.

त्यातला मुकुटमणी म्हणजे धनेशशेठ. चौदा वर्षं ‘भावी नगरसेवक’. एवढी वर्षं भावी राहणं हेसुद्धा एक सातत्यच. दिव्यात त्याच्या सात इमारती, आणि त्यातल्या एकीत चौथ्या मजल्यावर उत्तमची खोली. खोलीला नळ होते, चांगले चकचकीत, फक्त त्यांना पाणी यायचं नाही. एक दिवसाआड टँकर यायचा, मंजुळावहिनी रांगेत उभ्या राहायच्या आणि हंडे चौथ्या मजल्यावर चढवायच्या. नऊ वर्षांत त्यांचे दोन्ही गुडघे गेले. आणि दर वर्षी धनेशशेठच्या वाढदिवसाला उत्तम आपल्या हातानं लिहायचा: ‘दिव्याचे जलदाते’. सामंत चष्मा पुसून ते तपासायचे. जलदाता शब्दात चुकण्यासारखं काही नसल्यानं लगेच पास करायचे.

अशात सर्वेश नावाचा तिशीतला मुलगा दुकानात आला. वागळे इस्टेटमध्ये, जिथे पूर्वी खोके बनायचे त्या गाळ्यात, त्यानं व्हिडिओ गेमची कंपनी काढली होती आणि उद्घाटनाचा फ्लेक्स हवा होता. उत्तमनं सवयीनं त्याच्या मित्राला चहाला थांबवलं आणि दहा मिनिटांत सर्वेशबद्दल एक ओळ लिहून दिली. त्या स्तुतीच्या उलट बाजूला आपली खोट अचूक दिसली आणि सर्वेश पांढरा पडला. म्हणाला, “काका, आमच्यासाठी पात्रं लिहाल का? राक्षस वगैरे.”

“राक्षसांचे वाढदिवस असतात का?” उत्तमनं विचारलं.

गेमचं नाव ‘खोलपूर’. एक मुलगी स्वतःच्याच मनात जिने उतरत जाते, प्रत्येक मजल्यावर काळोख, आणि काळोखात कुणीतरी बसलेलं. ते कुणीतरी साधं असून चालणार नव्हतं. ते कशाचं तरी प्रतीक हवं होतं. सर्वेशकडे शिंगं काढणारे चित्रकार ढीगभर होते, पण त्यांचे राक्षस तोंड उघडले की सगळे एकसारखेच बोलत: मी तुझी वेदना आहे, मी तुझी पोकळी आहे. सामंत एकदा उत्तमबरोबर त्या गाळ्यात गेले होते. भिंतीवर एक तक्ता होता. पात्र, भीती, प्रतीक असे तीन रकाने. कृतिका नावाची मुलगी ते भरायची. तिनं मनाच्या खोलीवर पाच दिवसांची कार्यशाळा केली होती आणि पाचही दिवस हजर होती.

“काका, हा दाराशी बसलेला म्हातारा कशाचं प्रतीक?” तिनं विचारलं.

“तो आमच्या सोसायटीचा वॉचमन आहे.”

“हो, पण खोलवर?”

“खोलवर पण वॉचमनच. झोपलेला.”

कृतिकानं रकान्यात लिहिलं: निद्रिस्त विवेक. सगळ्यांनी माना डोलावल्या. उत्तम सामंतांच्या कानात म्हणाला, “बघा, इकडेपण फ्लेक्सच छापतात.”

पण काम त्याला जमलं. नवीन काही शिकायचंच नव्हतं. लोक मागे जे बोलतात ते उलटं करायचं थांबवलं, एवढंच. चिकट माणसाचा राक्षस चिकटच झाला, हाताला हात लावला की सुटायचा नाही असा. चाचणीसाठी पाठवलेले तुकडे खेळून परदेशातले लोक घाबरून पत्रं पाठवायला लागले. मग एका सकाळी उत्तमनं सामंतांपुढे एक कागद ठेवला. वर नाव होतं: जलदाता.

डोंगराएवढा राक्षस, प्लास्टिकच्या पिंपांच्या सिंहासनावर बसलेला. अंगभर चकचकीत नळ. कुठलाही उघडा, नुसती फुस्सकन हवा येते. मिशा पिळलेल्या, गळ्यात साखळी. अंगरख्याच्या खालच्या काठाला ओळीनं गोल गोल चेहरे शिवलेले, सगळे हात जोडून हसणारे. ते त्याचे शुभेच्छुक. मुलीला पलीकडे जायचं असतं आणि राक्षस म्हणतो, नुसता नमस्कार कर आणि जा. तिनं नमस्कार केला, की काठावर एक गोल चेहरा वाढतो. तिचा.

सामंतांनी चष्मा काढला. “उत्तम, हा धनेशशेठ आहे.”

“मग? कोण वाटायला हवा होता?”

“अरे, दुकान फोडतील. मिशी तरी काढ. साखळी काढ.”

“काका,” उत्तम म्हणाला, “तीस वर्षं मी खोटं लिहिलं आणि एकाच्याही चेहऱ्यावरची रेष हलली नाही. एकदा खरं लिहिलंय. ते धनेशशेठनं बघावं आणि त्याचं तोंड उतरावं. बास. मंजूच्या गुडघ्यांसाठी एवढं एक मला बघायचंय. मग फोडू देत दुकान.”

सामंतांनी कागद परत दिला. त्यात एक विसर्ग राहिला होता, तो देऊन.

गेमचा पहिला भाग आला आणि आठ दिवसांत धनेशशेठचा मुलगा हर्षित यानं तो खेळला. नवव्या दिवशी दुकानासमोर पांढरी गाडी थांबली. धनेशशेठ उतरला, मागून राकेश आणि गोविंदा, त्याचे डावे-उजवे. सामंतांनी पेपर तोंडासमोर धरला. उत्तम मात्र उभा राहिला आणि धनेशशेठच्या तोंडाकडे टक लावून बघायला लागला. एवढं तर त्यानं लग्नात मंजुळावहिनींकडेही बघितलं नसेल.

धनेशशेठनं मोबाईल पुढे केला. पडद्यावर राक्षस. “काय रं उत्तम, यो मीच ना?”

“हो,” उत्तम म्हणाला. आवाज नीट आला.

“तूच लिवलास?”

“मीच.”

धनेशशेठनं त्याच्या खांद्यावर अशी थाप मारली, की उत्तम खालीच बसला. “अरं, जाम आवडला मना! पोरगा सांगतो, जपानमदी पण बघतान. आपल्याला कळव्याच्या पुढं कोण वळखीत नव्हता, आन् तू डायरेक जपान!”

“शेठ,” उत्तम म्हणाला, “तो राक्षस आहे.”

“असंल. पन केवडा मोठा हाय!”

“त्याच्या नळांना पाणी येत नाही, शेठ.”

धनेशशेठनं पडद्यावरचे नळ निरखले. सामंतांनी पेपराच्या कडेनं बघितलं. आता उतरणार तोंड, असं त्यांनाही वाटलं.

“मंग?” धनेशशेठ म्हणाला. “खऱ्यांना तरी कुटं येतंय?” आणि तो हसला. अगदी मनापासून, पोट धरून. राकेश, गोविंदा हसले. नाक्यावरचा पानवाला काय झालं ते न कळताही हसला.

राकेशचं हसू मात्र लवकर आटपलं. तो मोबाईल मोठा करकरून खालचा काठ बघत होता. “शेठ, यात गोविंदाचा चेहरा पहिला आहे.”

“ते गोविंदा नाहीत,” उत्तम म्हणाला, “ते कुणीच नाही. ते प्रतीक आहे.”

“मग प्रतीकात मी का नाही?” राकेश म्हणाला. “बारा वर्षं शेठबरोबर आहे मी. हा कालचा आलेला.”

“ए, कालचा कोण बे?” गोविंदा म्हणाला. “मी शेठच्या सासुरवाडीचा माणूस आहे.”

भांडण चांगलं पेटलं. शेवटी धनेशशेठनं निवाडा केला. वीस बाय चाळीसचा फ्लेक्स करायचा. मध्ये राक्षस, बाजूला स्वतः शेठ, वर ‘जगभर पोहोचलेले आपले जलदाते’, आणि खाली गोल चेहरे, सगळ्यांचे खरेखरे, सारख्या मापाचे. “तुजा पन टाक उत्तम एक,” जाता जाता तो म्हणाला. “तूपन आपलाच हायस.”

उत्तमनं फ्लेक्स केला. नाही म्हणायचं त्याला सुचलं नाही, की सुचून उपयोग वाटला नाही, हे सामंतांना माहीत नाही. त्याचा हात नेहमीसारखा चालत होता. स्वतःचा फोटो त्यानं टाकला नाही, तर राकेशनं मोबाईलमधला पाठवून दिला आणि तो टाकावा लागला. सामंतांनी मजकूर तपासला. निर्दोष होता. त्या फ्लेक्सखालून मंजुळावहिनी पाण्याच्या रांगेला जात होत्या, पण त्यांनी वर बघितलं की नाही, हेही कुणी विचारलं नाही.

असे पंधरा दिवस गेले. एका शनिवारी उत्तमनं खोलपूरचा नवा कागद सामंतांपुढे ठेवला. नवं पात्र होतं, राक्षसाच्या सिंहासनाशेजारी बसणारं. स्वच्छ धुतलेल्या शर्टातला एक सभ्य म्हातारा. त्याला शिंगं नाहीत, नखं नाहीत. राक्षसाची स्तुती लिहिलेले कागद त्याच्यापुढे येतात आणि तो त्यातल्या चुका काढतो. मुलगी त्याला विचारते, “आजोबा, या नळाला पाणी आहे का?” तो नम्रपणे म्हणतो, “ते मला विचारू नका बाळ, मी फक्त शुद्धलेखन बघतो.” त्याला मारता येत नाही. गेममध्ये त्यासाठी बटणच ठेवलेलं नाही. प्रतीकाचा रकाना कोरा होता.

वाचता वाचता सामंतांनी एक काना सरळ केला, आणि मग पेन्सिल हातात तशीच राहिली. चांगल्या घरातल्या, कुणाचं वाईट न केलेल्या माणसाला बहात्तराव्या वर्षी लाज वाटावी, तशी लाज वाटली. ज्याचं तोंड उतरायचं तो हसत गेला होता, आणि उतरलं कुणाचं, तर ज्याला कुणी विचारलंही नव्हतं त्याचं. हा मी आहे का, असं त्यांना विचारायचं होतं. की तू स्वतःच आहेस आणि उगाच मला चटका बसतोय? उत्तम त्यांच्याकडे बघत होता. पंधरा दिवसांपूर्वी धनेशशेठकडे बघत होता तसाच, पण थोडा ओशाळून.

दुसऱ्या दिवशी पहाटे उत्तम झोपेतच गेला. त्यामुळे विचारायचं ते राहून गेलं. त्या शनिवारी कागद घडी घालून बाजूला ठेवल्यावर दोघांत एवढंच बोलणं झालं.

“झालं का काका?”

“झालं.”

“ऊन आलंय तुमच्यावर. खुर्ची आत घ्या.”

“असू दे रे. निघतोच आता.”