काय चुकलं-माकलं असेल तर

दिल्लीत, द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत मराठी घरं मोजकीच आहेत. कुणी पुण्याचं, कुणी नागपूरचं, बहुतेक सगळे केंद्र सरकारच्या नोकरीपायी आलेले आणि मग इथेच राहून गेलेले. गणपती सगळ्यांचा मिळून एक, खालच्या हॉलमध्ये. त्यात माझं काम ठरलेलं आहे. मी कोकणातला, म्हणून गाऱ्हाणं मी घालायचं. आमच्याकडे आरती झाली की एकानं पुढे होऊन देवाला मोठ्यानं सगळं सांगायचं, मागायचं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. इथल्या पहिल्याच गणपतीत मी ते हौसेनं केलं आणि लोकांना इतकं आवडलं की ते माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. मालवणीतलं निम्मंअधिक कुणाला कळत नाही. तळमजल्यावरचे पंजाबी अंकल तर एक शब्द न कळता सगळ्यांच्या वरचढ आवाजात ‘होय महाराजा’ ठोकतात.

या गाऱ्हाण्यात एक वाक्य टाळता येत नाही. ‘आमचा काय चुकला माकला असात तर माफ कर.’ आधी हे म्हणायचं आणि मग मागायचं. वडिलांनी मला क्रम असाच शिकवला होता. रिकाम्या हातानं मागू नये, निदान आपली चूक तरी पुढे ठेवावी, असं ते म्हणत.

मी दरवर्षी ती ठेवत आलो. त्या वाक्यानंतर माझा आवाज थोडा खाली यायचा आणि मी म्हणायचो, माझ्या लेकीच्या पायांत बळ दे रे म्हाराजा.

माझी मुलगी गेल्या वर्षी दहावीत होती. ती चालायला उशिरा शिकली, मग चालता चालता पडू लागली, आणि सातवीत असताना घरात व्हीलचेअर आली. स्नायू हळूहळू दुबळे होत जाण्याचा आजार आहे. पाय आधी गेले, आता हातांची पाळी आहे. रात्री तिला कूस बदलता येत नाही, ती आम्ही आळीपाळीनं बदलतो. सकाळी मी तिला उचलून न्हाणीघरात नेतो, मग मेट्रो, मग ऑफिस, संध्याकाळी परत उचलणं. याबद्दल तक्रार करायची मला लाज वाटते, कारण थकतो मी आणि दुखतं तिला.

निदान झालं त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन वर्तुळं काढून समजावलं होतं. जनुकातला दोष आईकडूनही यावा लागतो आणि वडिलांकडूनही, दोघांना आयुष्यभर त्याचा पत्ता नसतो. शेवटी त्या म्हणाल्या, “गलती किसी की नहीं है, भाईसाहब.” बायकोनं डोळे पुसले, तिला थोडं मोकळं वाटलं असावं. मला मात्र पायाखालची पायरी काढून घेतल्यासारखं झालं. देव चांगला आहे आणि सगळं त्याच्या हातात आहे, या दोन्ही गोष्टी मी पाळण्यापासून ऐकल्या होत्या. मुलीकडे बघत त्या दोन्ही धरून ठेवायच्या तर तिसरं कोणीतरी वाईट निघायला हवं होतं. ते मी असावं, हे मला सोयीचं होतं. गावच्या देवीचं वर्षाचं देणं चुकलं असेल, बापाच्या शेवटच्या दिवसांत मी दिल्लीहून वेळेवर पोचलो नाही ते असेल. माझी चूक असली की देव सुटत होता. मग त्याच्याकडे मागता येत होतं.

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या संध्याकाळी बायको स्वयंपाकघरात नारळ खवत होती. मी जेवणाच्या टेबलाशी मुलीच्या बोटांचे व्यायाम घेत होतो. एकेक बोट उघडायचं, मिटायचं.

“बाबा, एक बोलू? रागवायचं नाही.”

“बोल.”

“उद्या गाऱ्हाण्यात माझं नका ना घेऊ. सगळे वळून बघतात. ती मागच्या बिल्डिंगवाली आंटी तर हातच जोडते माझ्याकडे बघून. जसं काही मीच मूर्ती आहे.”

“बरं. तुझं नाव कुठे घेतो मी? लेक म्हणतो.”

“यार बाबा, तुम्हाला एकच तर लेक आहे.”

आत खवणीचा आवाज थांबला. बायको हसली असं मला वाटलं.

“ठीक आहे,” मी म्हणालो. “पायांचं नाही मागत.”

“आणि ते सॉरीवालं पण नको.”

“ते कसं सोडणार? ते गाऱ्हाण्यातच असतं.”

“मग काय चुकलंय सांगा ना. दरवर्षी माफी मागता, आणि पुढच्या वर्षी माझं अजून काहीतरी बंद झालेलं असतं. माझ्याकडून काय चुकलं? मी लहान होते तेव्हा मला खरंच वाटायचं की मी काहीतरी केलंय आणि ते तुम्हाला माहितीये.”

मी तिची करंगळी उघडली, मिटली. हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मी चूक माझ्या अंगावर घेतोय असं समजत होतो. पण ‘आमचं काय चुकलं असेल तर’ म्हणताना त्या ‘आमचं’मध्ये एक लहान मूलही उभं होतं, आणि ते मान डोलावून ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होतं. आणि ती ते अगदी जोरात म्हणायची.

“तुझं काही चुकलेलं नाही,” मी म्हणालो.

“मला नका सांगू. त्याला सांगा,” ती म्हणाली. “आणि अंगठा राहिला.”

मी अंगठा घेतला. बायको दारात येऊन उभी राहिली होती, हाताला खोबरं लागलेलं.

“अहो, ती बरोबर बोलतेय,” ती म्हणाली. “मीही कंटाळलेय त्या वाक्याला. तुम्ही माफी मागता आणि मी दिवसभर शोधत बसते, कशाची ते.”

दुसऱ्या दिवशी आरतीपर्यंत मी ठरवलं काहीच नव्हतं. कापूर झाला, लोक जरा मागे सरकले. मुलगी डाव्या बाजूला, खांबाजवळ होती. मी पुढे होऊन हात जोडले. “हे देवा म्हाराजा.” व्हय म्हाराजा. “आज तुझ्या पायाकडे ही सगळी लेकरां जमली आसत.” व्हय म्हाराजा. “होईल तशी सेवा केली हा, ती गोड मानून घे.” व्हय म्हाराजा. मग ते वाक्य आलं. ते जिभेवर होतंच, इतक्या वर्षांच्या सवयीनं आपोआप आलं असतं. मी थांबलो. मूर्तीकडे बघितलं तर खूप दमल्यासारखं वाटलं, उपास केल्यावर वाटतं तसं.

“आमच्या हातसून काय चुकूक नाय,” मी म्हणालो.

आमच्या हातून काहीही चुकलेलं नाही. एवढंच, पण देवासमोर असं बोलल्याचं मी कोकणात कधी ऐकलं नव्हतं. आणि हॉल नेहमीसारखाच गरजला, “व्हय म्हाराजा.” निम्म्यांना कळलं नसेल, उरलेल्यांचं लक्ष नसेल. अंकलचा आवाज सगळ्यांत वर होता. पण खांबाच्या बाजूनं एक बारीक आवाज जरा उशिरा आला, एकटाच, आणि तो मला ओळखता आला.

पुढे मागणं यायला हवं होतं. चूक हातात नव्हती, आणि तिच्याशिवाय मागायचं कसं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. “आता काय ता तूच बघ, म्हाराजा,” एवढं म्हणून मी खाली वाकलो.

प्रसादाच्या रांगेत नागपूरचे काका म्हणाले, “यंदा फार लवकर आटोपलं तुमचं गाऱ्हाणं. मोदक थंड होतील म्हणून का?”

“हो,” मी म्हणालो.

मी मोदक फोडून मुलीला एकेक घास भरवला. त्याच्या आदल्या वर्षीपर्यंत ती तो स्वतः धरून खात होती. मग तिला घेऊन निघालो. आमच्या इमारतीच्या दाराशी उतार थोडा तिरका बांधला आहे, तिथे खुर्ची जोर लावून ढकलावी लागते. मी वाकलो तशी ती म्हणाली, “बाबा, आता देव काय करणार?”

“मला माहीत नाही गं.”

“अच्छा,” ती म्हणाली. निम्मा उतार चढल्यावर म्हणाली, “पण तुम्ही बोललात.”

उतार संपेपर्यंत मला धाप लागली होती. लिफ्ट वर गेलेली होती. आम्ही दोघं तिची वाट बघत उभे राहिलो, म्हणजे मी उभा होतो.