मोंबाशाच्या मामी

आमच्या शेजारच्या मामींना भोरच्या आठवडेबाजारातली एकही वस्तू कधी पसंत पडली नाही, आणि एकही बाजार त्यांनी कधी चुकवला नाही. मामा रेल्वेच्या नोकरीत असताना त्या काही वर्षं आफ्रिकेत, मोंबासाला राहून आल्या होत्या. मामा वारल्यावर त्या भोरला परतल्या; जीभ तेवढी तिकडंच राहिली असावी.

मी नवी सून. बाजाराला जाताना सोबतीला, म्हणजे ऐकायला, त्या मला न्यायच्या. वेल्ह्याकडची ठकूबाई परसातली केळी घेऊन बसायची. तिच्यासमोर भर उन्हात उभ्या राहून मामी एकेक केळं दाबत आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणत, "अगं, ही केळी व्हय? आमच्या मोंबाशाला असली शेळ्या खात्यात." तिकडची पपई म्हणे घागरीएवढी आणि आंबा दोघांनी उचलायचा. एवढ्या फळांतून माणसांना राहायला जागा कुठं उरते, हे विचारायची माझी छाती नव्हती. ठकूबाई म्हणायची, मग तितंच जावा की. मामी नाक मुरडून डझनभर केळी घ्यायच्या.

पुढं माझ्याच यजमानांना मोंबासाला नोकरी लागली. मला रडू आवरेना. मोटारीपाशी सगळ्यांनी उपदेश केले, मामी एवढंच म्हणाल्या, "रडू नगंस. तितल्या बाजारात गेलीस की घर इसरशील."

त्या भरवशावर मी बोटीत चढले. शेजारच्या गुजराती आजींबरोबर, त्यांना सगळे बा म्हणत, पहिल्याच आठवड्यात बाजारात गेले. ऊन भोरच्या दुप्पट, पपई पपईएवढीच, आणि केळी हुबेहूब ठकूबाईची. घर विसरायचं राहिलं बाजूला, केळ्यांच्या ढिगापाशीच मला हुंदका फुटला. मी भोरची, हे कळताच बा हसायला लागल्या. तुमच्या गावची एक बाई इथं होती, म्हणाल्या. याच बाजारात केळं हातात घेऊन रडायची आणि म्हणायची, आमच्या भोरला असली शेळ्या खातात.

मी रडता रडता हसले. त्या दिवशी मामींची फार माया आली. पुन्हा बाजारात जायची भीती मग वाटली नाही.

पुढं महायुद्ध लागलं; ते संपल्यावर आम्ही परतलो, तेव्हा मामी गेल्या होत्या. ठकूबाई जागेवरच होती. मी एक केळं दाबलं आणि तोंडातून निघून गेलं, "आमच्या मोंबाशाला..." मग मीच ओशाळून थांबले.

ठकूबाईनं दोन केळी वर घातली.

"बोला की," ती म्हणाली. "मामी गेल्यापासनं माज्या केळ्यास्नी कुणी नावंच ठिवली न्हाईत."