दोन गाड्या, एकच पातेलं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि माझ्या तोंडात तर एरवी तीळ भिजत नाही. आज तुम्ही समोर बसलाच आहात, तर ऐका.

महागावच्या स्टँडसमोर तर्री-पोह्यांच्या दोन गाड्या आहेत. एक माझी. रस्त्यापलीकडची दुसरी — तीही माझीच! तिचा जुना मालक मुलाकडे राहायला गेला तेव्हा मी ती गुपचूप घेतली. पाटी त्याच्याच नावाची ठेवली, गाडीवरचा नोकरही जुनाच. पोह्यांवरचा झणझणीत रस्सा, म्हणजे तर्री, मात्र माझ्या घरी, एकाच पातेल्यात. एवढं घरच्यांना ठाऊक आहे, गावाला नाही. गावात तर दोन तट पडलेत — कुणाची तर्री भारी? एक निवृत्त गुरुजी एकदा माझ्यावर भडकले, "पाणी पाजून राह्यला काय रे लोकाईले? आता पल्याडच खाईन!" गेले, आणि तिथं मिटक्या मारत खाल्लं. मला हसू आवरेना.

तर्री मी पातळ केली होतीच की. रुसून जाणार कुठं — माझ्याकडेच ना?

मग विमलताई आली. जवळच्या तांड्यावरची. तिनं तिसरी गाडी लावली. आणि मी — कसं सांगू? — दोन्ही गाड्यांवर भाव निम्मा केला, वर तर्री हवी तेवढी. गावानं दिवाळी केली! मी तोटा खात होतो आणि शीळ घालत होतो. पावसाळ्याआधीच तिची गाडी उठली. लगेच भाव जुना, तर्री पुन्हा पातळ. मोठ्या कंपन्यांनी असं केलं तर कायदा आडवा येतो म्हणे. यायलाच हवा. पण माझ्या पातेल्यात कोण डोकावणार?

विमलताई बाजाराच्या दिवशी माझ्याकडेच पोहे खाते. मोठी हसरी बाई. एकदा म्हणाली, "भाऊ, माया हाताले काहून नाई आली अशी चव?"

"हातगुण असते, ताई," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली. तिला ते पटलं. तिनं पुन्हा गाडीचं नाव काढलं नाही, आणि याची मला लाज वाटते.

कारण तिची तर्री मी पहिल्याच दिवशी पार्सल मागवून खाल्ली होती. दार लावून, एकट्यानं. काय सांगू — डबासुद्धा बोटानं पुसून चाटला! तशी मला अजून जमलेली नाही.

भाव मी दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवला.